जुने चांदीचे रुपये घेताय? आधी वजनकाटा घ्या

मावशीच्या पितळी डब्यात तेवीस रुपये होते. गिरगावातल्या चाळीत वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, तो डबा उघडायचा. पंचामृताची अंघोळ, हळदकुंकू, आणि भाऊबीज उरकली की पुन्हा कपाटात. मावशी गेली, डबा माझ्याकडे आला. मी तो घेऊन झवेरी बाजारात गेलो. पेढीवरच्या म्हाताऱ्या काकांनी चष्मासुद्धा लावला नाही. बोटांनी नाणी सरकवत अर्ध्या मिनिटात दोन ढीग केले, एकोणीसचा आणि चारचा. चारच्या ढिगावर बोट ठेवून म्हणाले, "हे अर्धे."

अर्धे म्हणजे अर्ध्या चांदीचे. तेवीसच्या तेवीस नाण्यांची मावशीने सारख्याच भक्तीने पूजा केली होती. बाजार मात्र त्यातल्या चारांना दुसऱ्यांच्या निम्मीच किंमत देत होता. हा फरक मला तोवर ठाऊक नव्हता, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाने हे कबूल करायला हरकत नाही.

त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत मी अधूनमधून असे वापरलेले, झिजलेले रुपये विकत घेतले, थोडे विकलेही. महागाईपासून बचाव म्हणून चांदी घ्यायची असेल तर हा एक मार्ग आहे. एकमेव नाही, आणि सर्वांत सोपाही नाही. पण जायचंच असेल तर कसं जावं, ते लिहितो.

पहिली गोष्ट: रुपयात चांदी किती

जुन्या माणसांच्या बोलण्यात 'रुपयाभार' असा शब्द असतो. रुपयाभार सुंठ, रुपयाभार ओवा. चांदीचा रुपया बरोबर एक तोळा वजनाचा पाडत, म्हणून तो घरातलं वजनमापच झाला होता. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया सुरू केला तेव्हापासून १९३९ पर्यंत हे वजन आणि चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता, बदलला नाही. बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग तांबं. टक्क्यांत ९१.७, सराफाच्या भाषेत साडेएक्क्याण्णव टंच. म्हणजे कोऱ्या रुपयात निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम. अधेली, पावली आणि चवली (आठ आणे, चार आणे, दोन आणे) याच प्रमाणात अर्धी, पाव आणि अष्टमांश. पण चवलीची चांदी पहिल्या महायुद्धात गेली, तिथून पुढची चवली निकेल-तांब्याची.

१९४० साली दुसऱ्या महायुद्धाच्या ओढाताणीत सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच, आकार तोच, वर सहावा जॉर्जही तोच. चांदी मात्र ५.८३ ग्रॅम. मावशीच्या डब्यातले चार ते हेच, १९४० ते १९४५ मधले. १९४७ चा रुपया, मागे वाघ असलेला, शुद्ध निकेलचा. त्यात चांदी औषधालाही नाही. तरी तो फुटपाथवर 'चांदीचा वाघ' म्हणून विकताना मी पाहिलाय.

आपल्याकडे ब्रिटिश रुपयांखेरीज आणखी काही नाणी हाती येतात. मूळ मराठवाड्याच्या घरांत निजामाचा हाली सिक्का, चारमिनारचं चित्र असलेला. त्याचं वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी सुमारे ८२ टक्के. तळकोकण-गोव्याकडच्या घरांत पोर्तुगीज रुपी. तिच्यात १९४७ ची अर्ध्या चांदीची आहे, १९५२ ची निकेल-तांब्याची, आधीच्या चांगल्या चांदीच्या. स्वातंत्र्यानंतरचं गांधी शताब्दीचं १९६९ चं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं, म्हणजे निव्वळ १२ ग्रॅम. त्याच वेळी निघालेले गांधींचे एक रुपया आणि पन्नास पैसे मात्र निकेलचे. १९७२ पासूनची दहा रुपयांची चांदीची स्मारक नाणी अर्ध्या चांदीची आहेत.

नव्या माणसाने या सगळ्यात न पडता १९३९ पर्यंतचा ब्रिटिश रुपया एवढाच धरावा. मुबलक मिळतो, सगळ्या पेढ्यांना माहीत असतो, आणि हिशेब एकच राहतो.

महागाईला चांदी पुरते का

हिशेबाच्या सोयीसाठी या लेखात चांदीचा भाव ग्रॅमला १५० रुपये धरतो. तुम्ही वाचाल त्या दिवशीचा भाव त्या जागी घाला.

१९१८ सालचा एक रुपया. त्या काळी कुणी तो नोटेच्या रूपात ठेवला असता तर आज त्याचा एक रुपयाच असता. नाणं ठेवलं असतं तर १५० च्या भावाने १,६०० रुपयांची चांदी. वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास वाढ. ऐकायला झकास वाटतं, पण शंभर वर्षं थांबणाऱ्याला मिळालेला हा दर आहे, आणि आपल्यापैकी कुणीही तेवढा थांबणार नाही.

मधल्या तुकड्यांत चांदीने लोकांना रडवलंय. १८७० नंतर जगात चांदीचा भाव इतका घसरत गेला की १८९३ मध्ये सरकारने खुली टांकणी बंद केली. तोवर कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून आणावेत अशी सोय होती. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेत हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली आणि मार्च संपायच्या आत ११ डॉलरच्या खाली आली. आपल्याकडचं बघायचं तर १९९० ते २००० या दहा वर्षांत किलोचा भाव सहा-सात हजारांवरून सात-आठ हजारांपर्यंतच सरकला, आणि त्याच दहा वर्षांत घरखर्च दुपटीच्या वर गेला. एप्रिल २०११ मध्ये किलोला सत्तर हजारांच्या वर घेतलेल्याला तोच भाव पुन्हा दिसायला २०२० उजाडावं लागलं.

मग घ्यायची कशाला? कारण आपल्याकडे चांदीचा भाव तीन गोष्टींवर ठरतो: जगातला डॉलरमधला भाव, रुपया-डॉलरचा दर आणि आयातशुल्क. रुपया घसरतो तेव्हा आयात महागते, पेट्रोल आणि खाद्यतेल वाढतं, आणि नेमकी त्याच वेळी घरातली चांदीही रुपयांत वाढते. बचाव आहे तो इथे, चलन पातळ होण्यापासून. उलट बाजूही असते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात चांदीवरचं आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, आणि त्या दिवशी घरबसल्या सगळ्यांची चांदी स्वस्त झाली.

हे आजचं शहाणपण नाही. पहिल्या महायुद्धात चांदी महागली तसे लोक रुपये दाबून ठेवू लागले, आणि सरकारला ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढावी लागली. १९४० नंतर पुन्हा तेच झालं, सरकारने पूर्ण चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. आज हाती येतात ते तेव्हा परत न दिलेले, आजीपणजीच्या डब्यांत राहिलेले.

माझा स्वतःचा नियम असा: बचतीच्या पाच टक्क्यांहून जास्त चांदीत नाही, आणि दहा वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे. मुलीच्या फीचे पैसे यात घालू नका. फक्त भाववाढीचा फायदा हवा असेल तर चांदीचा ईटीएफ, म्हणजे शेअरबाजारात घेता-विकता येणारा चांदीचा फंड आहे, २०२२ पासून आपल्याकडे मिळतो, आणि खरेदी-विक्रीतली तूट नाण्यांपेक्षा पुष्कळ कमी. नाणी त्यांनी घ्यावीत ज्यांना चांदी हातात हवी आहे आणि थोडा अभ्यास करायचा कंटाळा नाही.

मुखडे आणि साल ओळखा

खरेदीच्या आधी एक शनिवार सकाळ द्या. फोर्टात फिरोजशाह मेहता रस्त्यावर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. खरी नाणी काचेआडून का होईना, नीट बघून या. डोळ्याला एकदा खऱ्याची सवय लागली की खोटं खटकतं.

राजाचा चेहरा आणि साल यांची जोडी जुळली पाहिजे. १८३५ च्या रुपयावर चौथा विल्यम. १८४० च्या रुपयावर मुकुटाशिवायची तरुण व्हिक्टोरिया. १८६२ पासून मुकुटवाली, तिच्या नावापुढे 'क्वीन'. १८७७ पासून १९०१ पर्यंत 'एम्प्रेस'. १९०३ ते १९१० सातवा एडवर्ड, उघड्या डोक्याचा, टक्कल स्पष्ट दिसणारा. १९११ ते १९२२ पंचम जॉर्ज. मग १९३८ पासून सहावा जॉर्ज.

मधली फट लक्षात ठेवा. १९२३ ते १९३७ या सालांचा ब्रिटिश सरकारचा चांदीचा रुपया नाहीच. या काळात पंचम जॉर्जच्या अधेल्या निघाल्या, रुपया नाही. १९२८ चा 'दुर्मिळ रुपया' कुणी दाखवला तर नमस्कार करून पुढे चालू लागा. १८६२ साल असलेली नाणी ढिगाने दिसतात याचंही नवल वाटायला नको, कारण तेच साल ठेवून टांकसाळीने पुढे बारा वर्षं नाणी पाडली. राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान असलेली, १६१६, १७१७, १८१८ अशी सालं असलेली 'ईस्ट इंडिया कंपनीची' नाणी म्हणजे देवघरासाठी कुणीतरी पाडलेली पदकं. कंपनीचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

घरी तपासणी

लागणारं सामान: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाचशे ग्रॅम क्षमतेचा डिजिटल काटा. व्हर्नियर कॅलिपर, प्लास्टिकचाही चालेल. एक जोरदार लोहचुंबक. शिवणकामाचा दोरा. पाण्याचा पेला.

आधी वजन. वापरलेला रुपया ११.६६ भरणारच नाही, आणि भरला तर उलट जरा संशय घ्या. माझ्याकडचे बहुतेक ११.३५ ते ११.६० च्या मध्ये आहेत. १९०६ च्या नाणे कायद्यात दोन टक्क्यांपर्यंतची झीज चालत असे, म्हणजे ११.४३ पर्यंत. त्याखालचा रुपया खोटा असतो असं नाही. राणीचे रुपये पन्नास-साठ वर्षं हातोहात फिरलेले असतात. पण ११ च्या खाली गेला तर कडा घासली आहे का, मागे काही काढून टाकलंय का, ते बघा.

मग व्यास. साडेतीस मिलिमीटरच्या आगेमागे. सोबत कडेच्या रेघा बघा. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेवर पुष्कळदा जोड दिसतो, अंगठ्याच्या नखाला लागतो.

चुंबक चांदीला ओढत नाही. वाघाचा निकेल रुपया टप्पकन चिकटतो. पण चिकटलं नाही म्हणजे चांदी असं मात्र नाही, जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्तच असतं, चांदीचा कण नसतो.

वाजवून बघणं तर भाषेतच आहे. नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टोला द्यायचा. खऱ्याचा नाद बारीक आणि लांब जातो. भेग गेलेलं, डाक दिलेलं (धातू वितळवून सांधलेलं) किंवा हिणकस नाणं बद्द वाजतं. मात्र भर बाजारात, टेम्पोच्या हॉर्नमध्ये, या परीक्षेचा उपयोग शून्य.

सगळ्यांत भरवशाची परीक्षा पाण्याची. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा, आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात असं सोडा की पूर्ण बुडेल पण तळाला आणि बाजूला टेकणार नाही. दोरा हातात धरलेलाच. काट्यावर जो आकडा येईल तेवढं त्या नाण्याचं आकारमान, घनसेंटीमीटरमध्ये. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. साडेएक्क्याण्णव टंचाला उत्तर १०.३ च्या जवळ येतं. अर्ध्या चांदीला साडेनऊ. जर्मन सिल्व्हरला साडेआठ-पावणेनऊ.

एका नाण्यात फरक बारीक पडतो: ११.४५ ग्रॅमचं चांगलं नाणं १.११ दाखवतं, नकली १.३२. हात हलला की आकडा हलतो. म्हणून मी पाच नाणी एकत्र बांधतो. समजा पाचांचं वजन ५७.२५ भरलं. चांगली असतील तर पाण्यात ५.५ च्या आसपास आकडा येतो, अर्ध्या चांदीची असतील तर ६, जर्मन सिल्व्हर असेल तर साडेसहाच्या वर. नाण्यांना हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, त्यासाठी पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. पाचांत एखादं गाढव लपलं असेल तर आकडा मधेच कुठेतरी येईल, तेव्हा सुटं सुटं बघायचं.

ही परीक्षा मी शिकलो ती ठेच लागल्यावर. एका पावसाळी रविवारी रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून सहा रुपये घेतले. काटा घरी होता, पिशवीत छत्री होती. माणूस गोड बोलला, चार नाणी हातात दिली, ती उत्तम होती. उरलेली दोन कागदात गुंडाळून दिली. घरी पाण्यात सोडल्यावर त्या दोघांचा भागाकार ८.६ आला. पुढच्या रविवारी तो तिथे नव्हता, नंतरही दिसला नाही. तेव्हापासून छत्री विसरतो पण काटा विसरत नाही.

झवेरी बाजारात

मशीद बंदर स्टेशनवरून किंवा मरीन लाइन्सवरून चालत, मुंबादेवीच्या आसपासच्या गल्ल्या. सणासुदीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका. धनत्रयोदशीला 'राणीछाप' नाण्यांचा जो माल येतो त्यातला पुष्कळसा नव्याने पाडलेला असतो. चेहरा राणीचा, चांदी पेढीवाला सांगेल ती. ओवाळणीत द्यायला ठीक आहे. मला ज्येष्ठातली दुपार आवडते. गिऱ्हाईक नसतं, माणसं बोलतात.

दुकानात शिरल्यावर 'रुपया कितीला' असं विचारू नका. विचारा, "जुने रुपये घेता कसे आणि देता कसे?" दोन्ही भाव एकाच दमात, एकाच माणसाकडून. जो फक्त विकायचा भाव सांगतो आणि परतीचं 'बघू तेव्हा' म्हणतो, त्याच्याकडून घ्यायचं नाही. तीन-चार पेढ्या फिरा. दुपारभरात अंदाज येतो.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. वीस रुपये, एकत्र वजन २२९ ग्रॅम. गुणिले ०.९१७, म्हणजे २१० ग्रॅम निव्वळ चांदी. १५० च्या भावाने ३१,५०० रुपये. पेढी दहा टक्के वर मागते: ३४,६५०. हीच पेढी आज परत घेईल ते चांदीच्या भावाला पाच टक्के कमी देऊन: २९,९२५. दुकानाची पायरी उतरताना तुम्ही ४,७२५ रुपये मागे पडलात. मुद्दल सुटायला चांदी १५० वरून जवळजवळ १७४ वर जायला हवी, सोळा टक्के. दोन-तीन वर्षांची महागाई इथेच गेली. म्हणून या व्यवहारात कमाई विकताना होत नाही, घेताना घासाघीस करून होते. वरचे दहा टक्के पाचांवर आणता आले तर तेवढं केलंत तरी पुष्कळ.

भाव नेहमी एकूण वजनावर लावून घ्या, नगावर नको. नगावर घेतलं की झिजलेल्या नाण्याची झीज तुमच्या माथी बसते. मोठी खरेदी असेल तर टंच काढून घ्या. बाजारात टंच काढून देणारी दुकानं आहेत, मशीनवर नाणं न कापता, न घासता काही मिनिटांत टक्केवारी छापून मिळते. मशीन वरचा पातळ थरच वाचतं हे मात्र ध्यानात असू द्या, जाड मुलामा असेल तर ते फसू शकतं. मशीन आणि पाणी, दोन्ही जुळलं की काळजी नाही.

जुन्या माळेतले, कडी डाकलेले किंवा भोक पाडलेले रुपये स्वस्त मिळतात. डाकेची धातू हिणकस असते, ती वजनात मोजली जाते. मी ते घेत नाही. तुम्हाला घ्यायचेच असतील तर मोडीच्या भावाने घ्या, नाण्याच्या नव्हे.

चोर बाजार, मटन स्ट्रीट, ही जागा फिरायला छान. शिकायला त्याहून छान. पैसे गुंतवायला नाही.

'हे साल दुर्मिळ आहे, साहेब'

असं ऐकलं की खिशावर हात ठेवा. दुर्मिळ नाणी असतात. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, छापलेल्यांतले बहुतेक वितळवले, आणि उरलेल्यांना आज संग्राहक चांगले पैसे मोजतात. १९३९ चाही असाच अवघड. पण तो धंदा वेगळा, त्याचे जाणकार वेगळे, आणि जितकी किंमत मोठी तितके खोटे जास्त. महागाईच्या बचावासाठी आपल्याला १९१२, १९१६, १९१८, १९१९ असले रटाळ, ढिगाने पाडलेले रुपयेच हवेत, ज्यांच्याबद्दल कुणी गोष्ट सांगत नाही. तारखेखाली बारीक ठिपका असेल तर ते इथल्याच, आपल्या फोर्टातल्या टांकसाळीचे. एवढं कौतुक पुरे, त्याचे पैसे देऊ नका.

ठेवायचे कसे

मुंबईच्या हवेत चांदी काळी पडते. पडू द्या. काळेपणाने वजन जात नाही, घासण्याने जातं. मावशी दर दिवाळीला रांगोळी आणि चिंचेने रुपये लखलखीत करायची, आणि राणीचं नाक वर्षागणिक चपटं होत गेलं. पूजेत ठेवायचेच असतील तर नंतर साध्या पाण्याने धुवा आणि टिपून कोरडे करा, चोळू नका.

रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने काळे पट्टे उमटतात. मऊ प्लास्टिकचे स्वस्त अल्बम टाळा, काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा येतो. साध्या कागदी पाकिटात सुटं नाणं, पाकिटं हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती पावसाळ्याआधी बदलायची. बस.

शंभर रुपये म्हणजे सव्वा किलोला थोडं कमी, तेवढ्यासाठी वेगळा लॉकर घेतला तर भाडंच वाढ खाऊन टाकतं. आधीपासून लॉकर असेल तर त्यात ठेवा. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच, हे २०२२ पासूनच्या नियमांत आहे. एक वही करा: साल, वजन, कुणाकडून, कधी, कितीला. दोन्ही बाजूंचे फोटो. आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा कुठले रुपये पूर्ण चांदीचे आणि कुठले अर्धे. मावशीने सांगितलं नव्हतं, तिला माहीतच नव्हतं.

कर आणि कायदा

चांदी दोन वर्षांहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर १२.५ टक्के कर, महागाईची वजावट नाही. त्याआधी विकली तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने. वारशाने आलेल्या नाण्यांवर हाती येताना कर नाही. विकताना आधीच्या मालकाची खरेदी किंमत आणि त्याचा काळही धरता येतो, आणि नाणी १ एप्रिल २००१ च्या आधीपासूनची असतील तर त्या दिवसाचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो.

"ही तर पूजेची नाणी, वैयक्तिक वापराची वस्तू, यावर कसला कर?" हा युक्तिवाद एका महाराजांनी करून पाहिला होता. महालक्ष्मीच्या पूजेत ठेवलेल्या मोहरा आणि चांदीच्या नाण्यांचा तो खटला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलं की पूजेत ठेवली म्हणून ती अंगावरच्या कपड्यासारखी वैयक्तिक वस्तू होत नाहीत. तेव्हा आपला डबा त्यातून सुटेल अशी आशा नको.

पेढीवरून चांदी घेतली की तीन टक्के जीएसटी पडतो आणि विकताना तो परत मिळत नाही, वरच्या हिशेबात तोही मिळवा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. पक्कं बिल मागा, त्यावर वजन आणि टंच लिहून घ्या.

शंभर वर्षं झालेलं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. दुबईच्या भाचीला लग्नात राणीचा रुपया पाठवायचा बेत असेल तर सोडून द्या. गावच्या घराचा पाया खणताना मडकं सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. आणि स्वातंत्र्यानंतरची सरकारी नाणी, स्मारक नाण्यांसह, वितळवणं हा २०११ च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे.

विकताना

एकदम सगळे विकू नका. नाण्यांचा हा एक खरा फायदा आहे: किलोची वीट तोडता येत नाही, डब्यातून पाच रुपये काढता येतात. जाण्याआधी घरी वजन करून निव्वळ चांदीचा आकडा चिठ्ठीवर लिहून न्या. पूर्ण आणि अर्धे आधीच वेगळे करा, त्यांचे दोन स्वतंत्र हिशेब मागा. पेढीवाला 'मोड आहे, ऐंशी टक्के धरतो' म्हणाला तर टंचाची चिठ्ठी पुढे करा आणि शांतपणे बसून राहा. न पटल्यास डबा बंद करून शेजारच्या पेढीवर जा, तिथवर चालायला दोन मिनिटं लागतात.

गेल्या खेपेला मी मावशीचे ते चार अर्धे विकायला काढले. काका अजून त्याच गादीवर होते. नाणी बोटाने सरकवली, वजन केलं, आकडा सांगितला. माझ्या चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा तीनशे रुपये कमी. मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचली, पहिल्यांदाच चष्मा लावून, आणि दोनशे वाढवले.